दा, यु

दाराच्या बांबूवर बिलायने सुरीच्या टोकाने कोरलं होतं: ‘पोरीला घेऊन दायुला जाते. लगेच ये.’

उनादने खांद्यावरची मिठाची पिशवी उतरवली आणि बायकोची ओळ पुन्हा वाचली. खालच्या गावात लिंबाच्या बागेत राबून तो बऱ्याच दिवसांनी, आज सकाळी डोंगर चढून आला होता. घर रिकामं, चूल गार.

बुहिद या त्यांच्या डोंगरी जमातीची लिपीच अशी, की शब्दाच्या शेवटी सुटं राहणारं व्यंजन लिहायचंच नाही. वाचणाऱ्याने ते आपल्या पदरचं घालायचं. एरवी काही अडत नाही. लिहिणारं माणूस ओळखीचं असलं की जीभ आपसूक बरोबर वळते. पण ‘दायु’ दोन तऱ्हांनी वाचता येत होतं. दायुग म्हणजे ओढ्याकाठचं बिलायचं माहेर. दायुम म्हणजे उलट्या दिशेची डोंगरधार, तिथे मासिलचं शेत. या मासिलने कधीकाळी बिलायला मागणी घातली होती.

उनादच्या जिभेवर आधी ‘म’च आला.

एकदा संशयाने घर केलं की पुरावे मागाल तितके मिळतात. निघताना ती धड बोलली नव्हती. मासिलकडून मागे रताळी आली होती. आणि वर ‘लगेच ये’? ही तर सरळ टिंगल! कोयता कमरेला खोचून तो तडक दायुमच्या वाटेला लागला. रात्र त्याने रानातच काढली.

सकाळी मासिल शेतात कोनफळं खणत होता.

“बाहेर काढ तिला,” उनाद ओरडला.

“कुणाला रे?”

“माझ्या बायकोला! दारावर लिहून आलीये, दायुम.”

“म लिहिलाय?”

“म कधी लिहितात का?”

मासिलने हातातली पहार टाकली. “अरे गाढवा, दायुगला गेलीये ती! माझ्या बहिणीला वाटेत भेटली होती. पोरगी तापाने फणफणलीये, छातीत घरघर लागलीये.”

“तापाचं काही लिहिलं नाही तिने...”

“दुखण्याचं नाव दारावर कोरतं का कुणी? भुतांना आवतण द्यायला? खाली राहून एवढंही विसरलास? पळ आता!”

उनाद पळाला. ओढे, चढ, काटे, काही बघितलं नाही. वाटेत तो स्वतःला शिव्या घालत होता आणि त्या शिव्या अगदी रास्त होत्या.

संध्याकाळी दायुगला पोचला तेव्हा सासू अंगणात पाठ फिरवून बसली. झाडीच्या कडेला ओली माती उकरून पुन्हा दाबलेली होती. बिलाय तिथेच होती. रडून झालं होतं तिचं.

“कुठे होतास?”

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. जमलं नाही. “मी... दायुम वाचलं.”

दायुमला कोण राहतं, हे तिला सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं.

“काल दुपारपर्यंत बोलत होती,” ती म्हणाली. “बाबा कुठंय, बाबा कुठंय. मी म्हणत होते, वाटेत आहे.”

“वाटेतच होतो गं.”

“हो,” बिलाय म्हणाली. “दायुमच्या.”