जावयाचं यकृत

शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली मी. लठ्ठ माणूस म्हणजे आळशी माणूस, हे माझं ठाम मत. त्यामुळे लेकीने कारखान्याच्या कॅन्टीनमधला एकशे दोन किलोचा आचारी पसंत केला तेव्हा माझं डोकंच फिरलं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, ही तर अख्खी ग्रहमाला होती.

मग माझं यकृत निकामी झालं. दुसऱ्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा काढून बसवायला हवा होता. लेकीचा रक्तगट जुळेना. जावयाचा जुळला, आणि हा पठ्ठ्या कुणी विचारायच्या आधीच डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसला.

बाईंनी त्याचा स्कॅन पाहिला. "तुमच्याच यकृतात चरबी साठलीय. ती नुसती पडून राहत नाही, आतल्या आत धुमसते. त्यानेच सूज आलीय. असला तुकडा कसा घेणार?"

मी म्हटलं, झालं, कारभार आटोपला.

"उतरेल का?" त्याने विचारलं.

"उतरेल. तळलेलं, लोणी, साखर बंद. मूठभर अक्रोड, मासे चालतील, सगळीच चरबी वाईट नसते. पण यांच्याकडे फार तर दोन महिने आहेत."

आता बघा, माणूस दिवसभर कढईपुढे उभा, आणि आचाऱ्याला चव तर घ्यावीच लागते. पहिल्याच पहाटे मी शिट्टी घेऊन त्याच्या दारात गेलो, तर हा तासभर चालून आलेला, घामाने चिंब. एकदा मुद्दाम कॅन्टीनमध्ये डोकावलो. बटाट्याचे काप तेलात सोडून हा कान देऊन उभा. "बाबा, तेलाचा आवाज बारीक झाला की काप झाले," म्हणाला. मिठाची चव भांडी घासणाऱ्या मावशी बघायच्या. परातीच्या पराती हाताखालून गेल्या, एक काप तोंडात गेला नाही. खरं सांगतो, तीस वर्षांत असा शिष्य मला मिळाला नाही.

आठव्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झाला. अकरा किलो उतरले होते, सूज गेली होती. बाईंनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझा हातच उठेना. मी सदुसष्टचा, तो छत्तिशीतला. ऑपरेशनच्या टेबलावर त्यालाच काही झालं तर लेकीला काय तोंड दाखवू?

"राहू दे," मी म्हणालो. "माझं जगून झालंय."

कधी आवाज न चढवणारा माझा जावई उठला. त्याने पेन माझ्या बोटांत खुपसलं.

"दोन महिने मी माझ्यासाठी उपाशी नाही राहिलो, बाबा. सही करा."

जन्मभर मी हुकूम सोडत आलो. हा एक मुकाट्याने पाळला.