आठापर्यंत

“अकरा... बारा...”

खिडकीतून ह्यांचं मोजणं ऐकू आलं आणि कांदा चिरता चिरता माझी सुरी थांबली. मांस आत असताना हे नऊच्या पुढे गेलेले मी वीस वर्षांत ऐकले नव्हते.

मागच्या अंगणात ह्यांची धुराची भट्टी आहे. कारखान्यात वेल्डर होते तेव्हा भंगारातली टाकी आणून स्वतःच्या हातांनी केलेली. टाकीत मांस ठेवायचं. कोळसा मात्र तिच्या कडेला जोडलेल्या लहान पेटीत. पेटीला खाली हवेची झडप, टाकीच्या दुसऱ्या टोकाला धुरांडं. जाळ मांसाला शिवतच नाही, नुसता धूर आणि ऊब त्याच्यावरून सावकाश जाते. ही ऊब मापायची ह्यांची रीत एकच. झाकणाच्या चार बोटं वर तळहात धरायचा आणि मोजायचं. आठाला चटका सोसेनासा झाला की आच बरोबर. आधीच झाला तर झडप थोडी लावायची, उशिरा झाला तर थोडी उघडायची.

“तेरा,” म्हणत ह्यांनी झडप सताड उघडली. मला चरबी करपल्याचा वास आला.

“अहो, काय करताय? जळतंय सगळं!”

“कुठे जळतंय? गारढोण पडलीय.”

मी झाकणावर हात धरला. दोन म्हणायच्या आत मागे घेतला. मग ह्यांचा हात ओढून उलटा केला. तळव्यावर दोन ताजे फोड होते आणि एक सुकलेला.

“कधीपासून?”

“झाले तीन महिने,” हे जमिनीकडे बघत म्हणाले. “साखरेमुळे बधिर होतात म्हणे हात. आधी थोडंफार कळायचं, आता तेही नाही. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येईलच असं नाही. पोरीला सांगू नकोस हं. आजच येऊन भट्टी बंद करायला लावील.”

लावलीच असती. आमची लेक म्हणजे बापाहून हट्टी. माझा जीव तिळतिळ तुटत होता, पण रडायला वेळ नव्हता. एक वाजता पलीकडच्या शाळेतून तीस माणसांचं जेवण न्यायला येणार होते. तिथल्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. लेकीनेच दिलेला थर्मामीटर मी कपाटातून काढून आणला.

“तो ठेव,” हे म्हणाले. “काटा आच सांगेल. कोळसा दमलाय की उतावीळ झालाय, ते कोण सांगणार?” मग अगदी हळू म्हणाले, “विकून टाकू भट्टी. आजचं एवढं निभावलं की बास.”

मी पुन्हा झाकणावर हात धरला. “मोजा.”

दोनाला मी हात ओढला. “नाजूक कातडी,” हे म्हणाले.

“चाळीस वर्षं गरम पातेली उचलली ह्या नाजूक कातडीने! पुढे काय करू ते सांगा.”

“झडप लाव. बोटभर फट ठेव. धुरांड्याला हात लावू नकोस, ते उघडंच हवं. आणि झाकण उघडून बघायचं नाही. बघत बसलीस की शिजत नाही.”

पंधरा मिनिटांनी पाच आले. झडप आणखी जराशी लावली. पुढच्या खेपेला सहालाच हात भाजू लागला, पण ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं बघवेना. दात आवळून मी आठापर्यंत हात तसाच ठेवला.

“आठ!” मी म्हणाले.

हे कान देऊन उभे होते. “खोटं.”

“म्हणजे?”

“आत मांसाखालच्या ताटलीत चरबी चुरचुरतेय. आठाला ती गप्प असते. पोळलं की हात ओढ गं. मला बरं वाटावं म्हणून धरलास तर मी चुकेन.”

“आणि तुम्ही तीन महिने धरलात, ते?”

ह्यांनी फोडांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “तुला वाईट वाटेल म्हणून.”

झडप आणखी केसभर लावली. त्यानंतर मी एकदाही खोटं मोजलं नाही. साडेदहाला खरे आठ आले आणि ह्यांनी मान डोलावली. कडेचे करपलेले तुकडे ह्यांनी काढून आमच्यासाठी ठेवले. एक वाजता शाळेचा शिपाई डबे न्यायला आला. वासानेच खूश होऊन म्हणाला, “काकांच्या हाताला चव आहे बुवा!” ह्यांनी हात पाठीमागे घेतला. “पुढच्या महिन्यात आणखी एक बाई निवृत्त होतायत,” तो म्हणाला. “तेव्हाही तुमच्याकडेच.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. “हिला विचारा,” म्हणाले.

“या की,” मी म्हटलं.

तो गेल्यावर ह्यांना पायरीवर बसवलं आणि तळव्याला मलम लावू लागले. हे तोंड वळवून भट्टीकडे बघत होते.

“लावतेयस ना?” ह्यांनी विचारलं.

“झालं लावून,” मी म्हटलं. हात मात्र सोडला नाही. मनातल्या मनात मोजत राहिले, आठाच्या कितीतरी पुढे.