भाबीची अंडी

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात वरकुट्यात कोंबड्यांवर मानमोडी आली आणि मेहबूबबीच्या सगळ्या कोंबड्या माना वाकड्या करून गेल्या. मागं राहिली ती फक्त तिच्या पितळी कोंबडीची अंडी. सासूच्या हातापासून चालत आलेला तो वाण. अंडी पदरात घेऊन मेहबूबबी कुडातल्या फटीतून शेजारी ताईबाईकडं आली.

"तुझी काळी खुडूक बसलीया न्हवं? तिच्याखाली घाल. निम्मी पिल्लं तुझी, निम्मी माझी. एवढाच वाण उरलाय बघ."

वाट्यानं खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची रीत गावात जुनीच. पण शेवटची अंडी कोण कुणाच्या हवाली करतं? ताईबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाटीत भुसकट पसरून तिनं ती अंडी काळीखाली सारली.

पिल्लं निघायला थोडेच दिवस राहिले आणि काळीची चुळबुळ सुरू झाली. सारखी उठायची, पिसांत चोच खुपसायची, अंडी उघडी टाकून खोलीभर फिरायची. ताईबाईनं तिला धरून पंख उचलला, तर पिसांच्या मुळाशी उवा नुसत्या वळवळत होत्या. दोन-चार तिच्या मनगटावरही चढल्या. तिला शिसारी आली आणि शिसारीहून जास्त लाज वाटली.

आता खुडूक कोंबडीला उवा झाल्या म्हणून काय आभाळ कोसळतं? पण ताईबाईचं दुखणं जुनं होतं. लहानपणी शाळेत बाईंनी सगळ्या वर्गातून तिचंच डोकं पट्टीनं विसकटून बघितलं होतं. 'ह्या लोकांच्या घरात हेच असायचं,' म्हणत तिला ओसरीवर बसवलं होतं. शेजारच्या पोरीच्या वेणीवरून उवा चालत होत्या, ती मात्र खुशाल आत. तेव्हापासून ताईबाईला घाणीचा शब्द सोसत नसे. तिची जमीन चकचकीत सारवलेली, बुद्धाच्या तसबिरीची काच रोज पुसलेली. मेहबूबबी तसलं काही बोलणारी नाही, हेही तिला ठाऊक होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

"ताई, बसतीया का गं नीट?" कुडापलीकडून मेहबूबबीनं विचारलं.

"बसतीया की! तुमी आत नका येऊ, भाबी. बुजंल ती."

राखेत लोळवलं की उवा जातात, हे ताईबाई आईकडून शिकली होती. पण राखेत लोळवायचं ते अंगणात, आणि अंगण कुडावरून सगळं दिसतं. तिनं दार लोटलं. तिच्या नवऱ्यानं, अप्पानं, उसातल्या हुमणी किडीसाठी आणलेली पावडर माळ्यावर होती. जमिनीतली हुमणी जिनं मरते, तिच्यापुढं उवांची काय टाप! तिनं पदर नाकाला बांधला आणि काळीच्या पंखांखाली, पोटाखाली पावडर चांगली चोळली.

संध्याकाळी भुसकटात मेलेल्या उवांचा सडा पडला. काळी अंड्यांवर गप बसली. काठी न मोडता साप मेला, असं ताईबाईला वाटलं.

पिल्लं निघाली. तांबूस, पितळी, एकापेक्षा एक देखणी. ताईबाईला इतका आनंद झाला की भाबीला हाक मारायला ती कुडापर्यंत गेलीसुद्धा. पण काळीचे पंख पावडरीनं पांढरे दिसत होते. उद्या झटकून दाखवू म्हणून ती परत फिरली. पिल्लं त्याच पंखांखाली ऊब घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळीची मान पिळवटली. ती पाय झाडत पाटीबाहेर पडली. पिल्लंही एकेक करून आडवी होऊ लागली. ताईबाईनं सगळ्यांना मागच्या अंगणात उन्हात आणलं, चोचीत पाणी सोडलं, पण एक उचलावं तोवर दुसरं मान टाकायचं. तिला रडू आवरेना. ते ऐकून मेहबूबबी फटीतून धावत आली.

काळीची वाकडी मान बघून ती तिच्यापाशी बसली.

"मानमोडीच ही! माझ्याच अंड्यांतनं आली गं तुझ्या घरात. मी पापिणीनं तुझी सोन्यासारखी कोंबडी मारली. ताई, मला माफ कर." तिनं ताईबाईचे हात धरले. "माझ्या हातातच रोग हाय. मी न्हाय आता कोंबडी पाळायची."

गप राहिलं असतं तरी भागलं असतं. कुणाला कळणार होतं? पण ते हात ताईबाईला सोसवेनात.

"मानमोडी न्हाय भाबी," ती म्हणाली. "उवा झाल्या व्हत्या. मी हुमणीची पावडर चोळली."

मेहबूबबीनं काळीचा पंख उचलला. बोटं पांढरी झाली.

"खुडकाला उवा होत्यातच की गं. माझ्या पितळीला दर खेपंला व्हायच्या. हाक मारली असतीस तर राखंची पाटी घेऊन मीच आले असते. का न्हाय मारलीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

शाळेतली ओसरी ताईबाईनं कोणत्या तोंडानं सांगायची, आणि सांगून पिल्लं थोडीच उठणार होती?

मेहबूबबीनं एकेक पितळी पिल्लू उचलून पदरात घेतलं. काळीच्या अंगावरून एकदा हात फिरवला आणि ती उठली. कुडातली फट दोन पावलांवर होती. ती तिकडं वळली नाही. पुढच्या दारानं बाहेर पडून, रस्त्यानं वळसा घालून आपल्या घरी गेली.