गरम झाले की मान टाकणारे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. एका प्रवासी होडीच्या पोटात, लाकडी पेटीखाली मी बसलेलो असतो. थंडीच्या दिवसांत लोक त्या पेटीवर बसायला भांडतात, कारण खालून माझी ऊब लागते. आज जे सांगणार आहे ते सांगताना मला तुमच्याकडे पाहवत नाही. तरी सांगतो, कारण ते मनात ठेवून चालत राहणे त्याहून जड जाते.

कारखान्यात मला जोडले तेव्हा एका तपासनीसाने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ आपल्या कानाला लावून मला ऐकले होते. "खणखणीत आहे," एवढेच तो म्हणाला आणि त्याने माझ्यावर शिक्का मारला. तेव्हापासून मी स्वतःला खणखणीतच समजत आलो.

होडी भाऊंची. नदीचे पात्र इथे इतके रुंद आहे की पलीकडचा माणूस दिसत नाही, फक्त घरे दिसतात. पलीकडे इस्पितळ, मोठी शाळा आणि बाजार. पार करायला पस्तीस मिनिटे लागतात. भाऊ सुकाणू धरत, वहिनी माणसे मोजून चढवत आणि मी चालत असे. अकरा वर्षे मी एकदाही वाटेत थांबलो नाही. काठावरच्या बायका माझ्या आवाजावर चुलीवरचे भांडे उतरवत. भाऊ पाहुण्यांना पेटीचे झाकण उघडून मला दाखवत, एखाद्या हुशार मुलाचे प्रगतिपुस्तक दाखवावे तसे. मलाही ते आवडायचे. खोटे कशाला बोलू?

बाराव्या वर्षी मात्र ते सुरू झाले. धक्क्यावरून निघताना मी अगदी नीट असे. वीस-पंचवीस मिनिटे झाली, अंग चांगले तापले, की माझा जोर ओसरू लागे. भाऊ वेगाचा दांडा पुढे ढकलत, पण माझ्याने होत नसे. शेवटी धाप लागल्यासारखा मी अडखळायचो आणि बंद पडायचो. मग भाऊ चिडून पेटी उघडत, डिझेल आहे ना म्हणून टाकीचे झाकण काढून आत काठी बुडवून पाहत, थोडा वेळ मला निवू देत. पुन्हा सुरू केले की मी पहिल्यासारखा! लोक हसत. "साहेबांना वाटेत विश्रांती लागते!" असे कोणीतरी म्हणाले. माझ्यावरच्या पेटीवर बसूनच म्हणाले.

भाऊंनी हळूमामांना बोलावले. ते या काठावरचे सगळ्यात जुने मिस्त्री. कोणाचे सख्खे मामा नव्हेत, पण सगळ्यांचेच मामा. काम इतक्या सावकाश करायचे की नावच हळूमामा पडले. त्यांनी पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चकती बदलली. डिझेलचा फिल्टर नवा घातला. पंख्यात दोरी अडकली आहे का ते पाण्यात उतरून पाहिले. मग धक्क्यालाच बांधलेल्या होडीत मला दहा मिनिटे चालवले आणि मी सुरेख चाललो. दुसऱ्या दिवशी मधल्या पात्रात पुन्हा मान टाकली.

असे तीनदा झाले. डॉक्टरसमोर बसल्यावर ज्याचा ताप उतरतो, अशा रोग्यासारखी माझी गत. मामा टोपी काढून डोके खाजवत बसत आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई. माझ्या मनाने घेतले की माझेच दिवस भरले आहेत.

मग तो दिवस आला. सकाळी बालवाडीच्या बाई धावत धक्क्यावर आल्या. पलीकडच्या इस्पितळातून फोन आला होता, वडिलांचे काही खरे नव्हते. त्या पुढच्या टोकाला उभ्याच राहिल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा.

"बसा ना बाई," वहिनी म्हणाल्या.

"नको, उभीच बरी आहे. लवकर पोचू ना?"

"अर्ध्या तासात," भाऊ म्हणाले.

पंचविसाव्या मिनिटाला माझा जोर गेला. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण आत डिझेलच पुरेसे येईना, आणि ते का येत नाही हे मला कळेना. ओहोटीची ओढ होती. होडी आडवी झाली आणि खाली वाहत चालली, वाळूच्या उथळ पट्ट्यावर जाऊन रुतली. भाऊंनी टाकी पाहिली, मी सुरू झालो, पण आता पंखाच वाळूत होता. शेवटी एका म्हाताऱ्या मासेमाराने आपल्या वल्ह्याच्या होडीला दोर बांधून आम्हाला ओढून बाहेर काढले. इंजिनाच्या होडीला वल्ही ओढत होती आणि दोन्ही काठ बघत होते. बाई फक्त पलीकडच्या घरांकडे पाहत होत्या.

आम्ही तासभर उशिरा पोचलो. बाईंचे वडील वीस मिनिटांपूर्वी गेले होते.

ही बातमी दुपारी धक्क्यावर आली तेव्हा हळूमामा तिथेच होते. भाऊंनी सगळ्यांदेखत त्यांच्यावर आग पाखडली. "तीन वेळा उघडलंत मामा! हात चालत नसतील तर तसं सांगायचं होतं. लोकांच्या जिवाशी खेळ कशाला?"

मामांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि ते निघून गेले. त्या आठवड्यात इतर होडीवाल्यांनीही त्यांना बोलावणे बंद केले. इकडे भाऊ मला भंगारात देण्याचे बोलू लागले. मला त्याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते मामांच्या वाकलेल्या पाठीचे. दोष माझा आणि मान त्यांची खाली.

वहिनींना मात्र राहवेना. त्या भाऊंना न विचारता मामांच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मामा रिकाम्या हाताने होडीत चढले. भाऊंनी तोंड फिरवले.

"हत्यारं कुठायत?" वहिनींनी विचारले.

"आज नुसता बसणार," मामा म्हणाले. "चूक माझीच झाली. गरम झाल्यावरची तक्रार मी गार इंजिनात शोधत बसलो."

ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले, एक हात माझ्या अंगावर ठेवून. पंचवीस मिनिटे ते तसेच होते. माझा जोर ओसरू लागला तसा त्यांनी तळवा माझ्यावर दाबला.

"हे कुठे जास्त तापलंय? तापलंय तेवढंच जेवढं रोज तापतं," ते पुटपुटले. "भाऊ, बंद पडल्यावर तू पहिल्यांदा काय करतोस?"

"टाकी बघतो. दुसरं काय करणार?" भाऊ घुश्शातच म्हणाले.

"मग आज बंद पडायच्या आधीच बघू." मामांनी टाकीचे झाकण फिरवले.

सूंऽऽ असा आवाज करत हवा आत ओढली गेली. आणि मित्रांनो, त्याच क्षणी माझ्यात जोर आला! मी निवलो नव्हतो, थांबलो नव्हतो, तरी धडाडून चालू लागलो. पेटीवरचे लोक दचकून उठले.

मामा टाकीवरच्या बारीक नळीकडे वाकले. डिझेल जसे संपत जाते तशी त्या नळीतून टाकीत हवा यावी लागते. हवा आली नाही तर टाकीच डिझेल धरून ठेवते; मी बंद पडल्यावर भाऊ झाकण काढत तेव्हाच ती आत शिरे. मामांनी नळीच्या तोंडातून नखाने एक गोळी उकरली आणि तळहातावर घेतली. निळा, वाळलेला रंग होता तो. त्याच वर्षी उन्हाळ्यात, हे सगळे सुरू होण्याआधी, भाऊंनी होडी काठावर ओढून स्वतःच्या हाताने रंगवली होती, आणि हौसेने नळीही रंगवली होती.

भाऊ त्या गोळीकडे बघतच राहिले. मग सुकाणू वहिनींकडे देऊन ते मामांसमोर खाली बसले. धक्क्याला लागल्यावर एकालाही उतरू न देता ते मोठ्याने म्हणाले, "ऐका सगळे. मामांच्या कामात खोट नव्हती. ही घाण माझ्या हातची आहे. मी त्यांना चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच सांगतोय."

"पुरे रे," मामा म्हणाले. "लोकांना बाजाराला उशीर होतोय."

मी भंगारात गेलो नाही. पण सगळे भरून निघाले असेही नाही. पंधरा दिवसांनी बालवाडीच्या बाई होडीत चढल्या. भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले आणि नळीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी आधीची होडी मी सोडली होती. बाबांसाठी डबा भरत बसले. इतके दिवस मला वाटतंय, सगळं माझ्यामुळेच झालं." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आता निम्मं तुमचं, निम्मं माझं."

आणि त्या माझ्यावरच्या पेटीवर येऊन बसल्या. त्या निम्म्यातले थोडे मलाही द्या, असे मला म्हणावेसे वाटले. पण मला फक्त चालता येते. मी चाललो.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे यंत्र, एखादे जनावर किंवा एखादे माणूस ऐन वेळी मान टाकू लागले, तर त्याला लगेच निकामी ठरवू नका आणि ज्याने हात लावला त्याच्यावर खापर फोडू नका. एकदा त्याच्या अंगावर हात ठेवून अख्खी फेरी त्याच्याजवळ बसा. आणि चूक आपल्याच हातची निघाली, तर ज्याचे त्यामुळे नुकसान झाले त्याला ती स्वतः जाऊन सांगा.