पहिल्या नंबरचं रडगाणं

गोपिका पराते नववीत वक्तृत्वात अख्ख्या शाळेतून पहिली आली, आणि तेव्हापासून तिचं तोंड थांबेना. म्हणून तांडापेठेतल्या नवरंग रेडिओ श्रोता संघानं जानेवारी एक्याऐंशीत 'सरत्या दहा वर्षांतली दहा गाणी' असा जंगी कार्यक्रम ठरवला, तेव्हा माइक तिच्याच हाती आला.

संघ म्हणजे खरं तर एकटे शालिकरामकाका. दिवसभर हातमागावर बसायचे आणि उरलेल्या वेळात रेडिओला फर्माइशीची कार्डं लिहायचे. या खेपेला मात्र मतं मोहल्ल्याची होती. एका माणसानं एक पोस्टकार्ड लिहून विणकर सोसायटीच्या दाराशी टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ज्या गाण्याची कार्डं जास्त, त्याचा नंबर वरचा. आणि गाणं लावण्याआधी, रेडिओवर वाचतात तशी, मागणाऱ्यांची नावं वाचायची.

"हे पाय, गोपिके," काकांनी आधीच बजावलं होतं, "नावं वाचाचे, दोन गोड शब्द बोलाचे अन् बाजूले व्हाचं. गाण्याले नावं ठेवली तं माइक नीलाले देईन."

नीला दहावीतली. गुळाच्या पाकात घोळलेला आवाज, दोन वेण्यांना लाल रिबिनी, आणि बसली होती पहिल्याच रांगेत, अगदी तयारीत. गोपिका हो म्हणाली. माइकसाठी ती कशालाही हो म्हणाली असती.

रविवारी दुपारी चारला सोसायटीचा हॉल गच्च भरला. रेकॉर्डवाले मारोतराव सुई पुसून बसले. दहाव्या नंबरपुरती गोपिका शहाण्यासारखी वागली. नवव्याला मात्र तिला राहवेना.

"या गाण्यात नायिका बर्फात नाचते," ती म्हणाली. "नायकाच्या अंगात कोट, स्वेटर, मफलर. तिच्या अंगात जाळीची साडी. प्रेम तिचं आहे की न्यूमोनियाचं, ते कवीनं सांगितलेलं नाही."

हॉल खदखदून हसला. त्या हसण्यानं गोपिकेच्या अंगात वारं भरलं. आठव्या गाण्याला ती म्हणाली, शब्द संपले म्हणून कवीनं 'ला ला ला' लिहिलं आणि पैसे मात्र पूर्ण गाण्याचे घेतले. सहाव्यातला नायक ट्रॅक्टरवर बसून समुद्राचं गाणं म्हणतो, त्याला कोणीतरी भूगोलाचं पुस्तक द्या. चौथं तर बँडवाल्यांनी प्रत्येक वरातीत इतकं बडवलंय, की आता ते ऐकलं की नवरदेवाआधी घोडाच रडतो.

"अवं, हे पोट्टी काय बोलून राहिली!" म्हाताऱ्या जनाबाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "बोल वं माय, बोल!"

दुसऱ्या नंबरचं गाणं सुरू झालं तसे काका तिला कोपऱ्यात घेऊन गेले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"लई झालं तुयं. आता पहिला नंबर हाय. एक वाकडा शब्द बोललीस नं, तं खाली."

पहिल्या नंबरचं गाणं म्हणजे काकांचा जीव की प्राण, आणि गोपिकेच्या मते दहा वर्षांतला सगळ्यात मोठा अत्याचार. त्यातला नायक पहिल्या कडव्यात मरतो म्हणतो, दुसऱ्यात मरतो म्हणतो, आणि असा मरत मरत पाच कडवी ठणठणीत जगतो. याला पहिला नंबर दिला कोणी?

काकांनी कार्डांचा गठ्ठा तिच्या हातात दिला, आणि तिला दिसलं. दुसऱ्या नंबरला अकरा कार्डं होती. याला त्रेचाळीस. सगळी हिरव्या शाईची, सगळ्यांवरचा 'श्री' एकाच वळणाचा, काकांच्या. रेडिओला लिहायची सवय! दहा वर्षं काका असंच मोहल्ल्याच्या नावानं लिहीत आले होते, आणि आता मोहल्ल्याच्याच डब्यात मोहल्ल्याचीच कार्डं टाकून मोकळे झाले होते.

गोपिकेला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वाकडा शब्द कशाला हवा? नुसती नावं वाचू. ज्यांनी कार्ड लिहिलंच नाही, ते आपोआप बोंबलतील.

"पहिल्या क्रमांकाचं गाणं," ती खणखणीत म्हणाली. "मागणारे आहेत, जनाबाई बोकडे."

जनाबाईंना तर लिहिता येत नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. "मायं नाव? मायंच म्हणली नं? मीच हाव बरं जनाबाई!" आणि चारीकडे बघत हात जोडले.

"मारोतराव निनावे."

मारोतरावांनी सुई हातात धरून कॉलर ताठ केली.

"बाबनराव हेडाऊ." यावर हॉलभर माना वळल्या. बाबनराव जाऊन दोन वर्षं झाली होती. आता सापडले काका, असं गोपिकेला वाटतंय, तोच त्यांच्या बायको मैनाबाई म्हणाल्या, "त्यायले लई आवडे हे गानं." बाबनराव जिवंतपणी 'तो रेडिओ बंद करा' म्हणून गल्लीत भांडायला यायचे, हे अख्ख्या हॉलला ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

नावामागून नाव गेलं. एकानंही तक्रार केली नाही. उलट, ज्यांचं नाव अजून आलं नव्हतं ते पुढे सरकून ऐकायला लागले. काका भिंतीला टेकून मिशांत हसत होते. काय माणसं ही! लाउडस्पीकरवरून नाव आलं, की दगडालाही पहिला नंबर द्यायला तयार!

त्रेचाळिसावं कार्ड तिनं उचललं. हिरव्या शाईत लिहिलं होतं, कुमारी गोपिका पराते.

तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी खाली बोट दाखवलं, नीलाच्या दिशेनं. नीलानं रिबिनी नीट केल्या. नाव वाचलं, पुढे गप्प बसलं, की माइक गोपिकेचाच राहणार होता.

"कुमारी गोपिका पराते," ती म्हणाली, आणि तिनं छाती भरून श्वास घेतला. "हे साफ खोटं आहे. हे कार्ड मी लिहिलेलं नाही. हे गाणं मला फुकट दिलं तरी नको. पाच कडवी मरणाऱ्या या माणसाला एकदाचं खरंच मरू द्या, म्हणजे आपण सुटू!"

काकांनी पुढे होऊन माइक हिसकावला. "उतर खाली!"

नीला वर आली. "रसिक श्रोतेहो," तिनं पाक ओतला, "हृदयाच्या तारा छेडणारं हे अजरामर गीत…" मारोतरावांनी सुई टेकवली आणि नायक मरायला लागला.

गोपिका फणकाऱ्यानं सतरंजीवर येऊन बसली. कान लाल झाले होते. जनाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"काहून वं, गप झाली? दुसऱ्या कडव्यात काय करते तो?"

"पुन्हा मरतो, आजी."

"अन् तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात तिच्या खिडकीखाली मरतो. तिचा बाप वरून बघत असतो. त्याला वाटतं, चला, जावई तरी टळला."

मागच्या रांगेतून फिस्सकन हसू आलं. मैनाबाई पुढे सरकल्या. "थोडं जोरानं सांग वं, आयकू नाही येऊन राहिलं."

गोपिकेनं मांडी ठोकली, गाण्याच्या वर आवाज चढवला, आणि चौथ्या कडव्याची चामडी सोलायला घेतली.