एका हाताची मांडणी

अंगठ्याखालचं बटण नेवेनाने चौथ्यांदा दाबलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

उजव्या हातावर सात महिन्यांचा यावोर झोपला होता. रात्रीच्या तापाने अंग अजून कोमट होतं; खाली ठेवलं की उठायचा. हा कीबोर्ड तिने अशाच दिवसांसाठी घरी जुळवला होता. नुसती डावीकडची बटणं. अंगठ्याचं बटण दाबून धरलं की तीच उजवीकडची अक्षरं देत. कोडच्या रोजच्या ओळीही तिने एकेका बटणावर बसवल्या होत्या. आज दहा वाजता टीमचा प्रमुख कामेन तिला व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर कोडमधला एक बिघाड दुरुस्त करायला देणार होता. जमलं तर बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम, नाहीतर नोकरीवर पाणी. दहाला पंचवीस मिनिटं उरली होती आणि अर्धी अक्षरं गेली होती.

सासूबाई पेंका दह्याची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"आई, याला घेता का थोडा वेळ? साध्या कीबोर्डवर करते."

"घेते की. मग हा भोकाड पसरेल, ते ऐकव तुझ्या साहेबाला. काय बिघडलंय?"

"अंगठ्याचं बटण. तुम्हाला नाही कळायचं ते."

बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले. सासूबाईंनी वाटी ठेवली, चष्मा नाकावर ओढला, कीबोर्ड उलटा करून खिडकीशी नेला आणि सुरीच्या टोकाने स्क्रू काढले.

"सांधा सुटलाय. सोल्डरिंग कुणी केलं?"

"मी."

"वाटलंच. बानित्साच्या पापुद्र्यांवर चीज भुरभुरल्यासारखं दिसतंय. आण तुझं सोल्डरिंग आयर्न."

सासूबाई पूर्वी कारखान्यात होत्या, एवढंच नेवेनाला माहीत होतं. तिथे काय करायच्या, हे तिने सहा वर्षांत विचारलं नव्हतं. आयर्नचं टोक टेकलं, धुराची रेघ उठली. सासूबाईंनी ती बाळाच्या उलट दिशेला फुंकली. हात जराही हलला नाही.

"बावीस वर्षं भिंगाखाली कॉम्प्युटरच्या डिस्कचे हेड जोडले. केसापेक्षा बारीक तार असायची. ही तर दोरखंडं आहेत."

दहा वाजता नेवेनाने पडदा सगळ्यांना दाखवला. डावा हात चालत राहिला. उजव्या दंडावर बाळाचा श्वास लागत होता. अठराव्या मिनिटाला चूक सापडली. चार ओळी बदलल्या आणि चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या.

"माझे दोन्ही हात मोकळे असून मी मागे पडलो," कामेन म्हणाला. कुणीतरी हसलं. "सोमवारपासून सुरू कर. घरूनच. आणि हा कीबोर्ड कुणी बनवला?"

"मांडणी माझी. जोडकाम पेंका इवानोवांचं."

"त्या कुठे काम करतात?"

नेवेनाने मागे पाहिलं. सासूबाई पाठमोऱ्या, दही खात होत्या. चमचा थांबला. पाठ हळूहळू ताठ झाली.

"भिंगाचा विभाग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "चौदावं टेबल."

नेवेना माइककडे वळली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "भिंगाचा विभाग. चौदावं टेबल."