डावीकडची खुर्ची

ड्रायव्हरने आपल्या बाजूची काच पुसली आणि न बोलता फडकं डावीकडच्या खुर्चीकडे सरकवलं. असिस्टंटनेही ते न बोलताच घेतलं. हा असिस्टंट म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पण कित्येक वर्षं या दोघांत सिग्नलच्या रंगापलीकडे एक शब्द झालेला नव्हता.

रंग तेवढा बोलावाच लागे. एकाने सांगायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, असा नियम होता. वाफेच्या काळात शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायची मोठी चकती होती. डिझेल आलं आणि चकती भंगारात गेली. तेव्हापासून परतीला इंजिन लांबलचक बॉनेट पुढे करून यायचं, आणि उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला डावीकडचं काही म्हणता काही दिसायचं नाही, सिग्नलसुद्धा नाही. तिकडे मेहुण्याच्या डोळ्यांवर भिस्त.

हेच डोळे एकदा ड्युटीवर मिटले होते. ड्रायव्हरने रिपोर्ट दिला. रिपोर्ट खरा होता, हेच तर दुखणं होतं. मेहुण्याची बढती हुकली ती हुकलीच. बहिणीकडे तो अजून येई, पण दाजी घरी नाहीत याची खात्री करून.

आज लाइन बंद होत होती. डबे मागेच सोडून नुसतं इंजिन परत न्यायचं होतं. सकाळी चहा देताना बायको म्हणाली होती,

“आज तरी बोला त्याच्याशी. उद्यापासून निमित्तही उरणार नाही.”

“बघू.”

माफी मागावी, तर रिपोर्ट खोटा नव्हता. न मागावी, तर मन खात होतं. मधल्या ओसाड स्टेशनात लाल सिग्नलला इंजिन थांबलं, तेव्हा ड्रायव्हर उठला आणि मेहुण्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

“ऊठ. तिकडे बस.”

मेहुण्याने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

“नियमात बसत नाही.”

“माहीत आहे.”

“कुणी रिपोर्ट केला तर?”

“मी करणार नाही.”

मेहुणा सावकाश उठला. उजवीकडे बसून त्याने हँडलवर नुसताच हात ठेवला. ड्रायव्हर डाव्या खुर्चीत टेकला. तिची गादी एका अंगाला पार दबली होती. बसल्या बसल्या कंबर भरून आली. बाहेर तळं होतं. जाताना ते त्याला रोज दिसे, येताना कधीच नाही. उतरत्या उन्हात ते असं दिसतं हे त्याच्या गावीही नव्हतं. तो बघतच राहिला.

इंजिन जागच्या जागी धडधडत होतं.

“दाजी,” बराच वेळ वाट पाहून मेहुणा म्हणाला, “डोळे मिटले का?”

ड्रायव्हरने दचकून समोर पाहिलं. सिग्नल केव्हाच बदलला होता.

“हिरवा,” तो म्हणाला.

“हिरवा,” मेहुणा म्हणाला आणि त्याने हँडल ओढलं.